पॉडकास्टवर आपलं माणूस पाठवायचंय? आधी पॉडकास्ट नीट शोधा

"हळद म्हणा ताई, हळद." मुलाखत घेणाऱ्या मुलाने तिसऱ्यांदा टोकलं आणि आमच्या कंपनीच्या अध्यक्ष ताई आखडल्या. वीस वर्षं हळद शिजवलेली बाई. त्यांच्या तोंडात ती "हयद"च आहे, जशी वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात सगळ्यांच्याच तोंडात आहे. पुढचा पाऊण तास त्या "हो", "नाही", "बरं चाललं आहे" एवढंच बोलल्या. एपिसोड आला, पाहणाऱ्यांचा आकडा मोठा दिसला, आणि आमच्या ऑफिसच्या फोनवर त्या हळदीसाठी एकही फोन आला नाही.

त्या मुलाचं चुकलंच, पण त्याआधी माझं चुकलं होतं. मी त्या चॅनेलचे सबस्क्रायबर मोजले होते, पण त्याचा एकही एपिसोड शेवटपर्यंत ऐकला नव्हता.

हा लेख गावातल्या अशा लोकांसाठी आहे, ज्यांच्याकडे हे काम अचानक येतं. शेतकरी उत्पादक कंपनीत, उमेद अभियानातल्या बचत गटांच्या प्रभागसंघात, एखाद्या संस्थेत कुणीतरी म्हणतं, "तुझ्याकडे फोन चांगला आहे, प्रसिद्धीचं तू पाह्य." शहरात यासाठी पगारी माणसं आणि एजन्सी असतात. आपल्याकडे एक फोन, एक वही आणि कामं उरकल्यावर मिळणारा तासभर वेळ असतो. तेवढ्यात हे काम नीट होऊ शकतं.

आधी ऐकणारा ठरवा

पॉडकास्ट शोधायला बसण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा: आपलं बोलणं नेमकं कुणाच्या कानावर पडायला हवं?

आमचं उदाहरण घ्या. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आता या हळदीबद्दल बोलायचं तर ऐकणारे तीन वेगवेगळे असू शकतात. एक, नागपूर-पुण्याची गृहिणी, जी वर्षाची हळद एकदाच भरते. दोन, मसाल्याचा किंवा आयुर्वेदिक औषधांचा व्यापारी, ज्याला क्विंटलच्या हिशेबात माल हवा आहे. तीन, शेजारच्या गावातला शेतकरी, ज्याने सभासद व्हावं असं आपल्याला वाटतं. पहिली स्वयंपाकाचे आणि आरोग्याचे कार्यक्रम ऐकते, दुसरा उद्योग-व्यवसायाचे, तिसरा शेतीचे यूट्यूब चॅनेल आणि आकाशवाणी. तिघांसाठी एकच पॉडकास्ट शोधायला गेलात तर तिघंही हातचे जातील. या हंगामात कोण हवा आहे ते ठरवा, बाकीचे पुढच्या हंगामाला ठेवा.

आरमोरीच्या कोसा रेशमाचं काम असो, भिवापूरच्या मिरचीचं असो की गडचिरोलीतल्या एखाद्या ग्रामसभेच्या बांबूचं, हे एक वाक्य लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग आपल्या माणसाजवळ बसा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. "आमची हळद शुद्ध आहे, आमच्या बायका मेहनती आहेत" हे कोणत्याही होस्टला नको असतं, कारण तेच वाक्य त्याच्या इनबॉक्समध्ये रोज येतं. त्याला हवं असतं ते दुसरं कुणी सांगू शकत नाही असं काहीतरी.

म्हणून पाहुण्याच्या घरी जा, चहा घ्या, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि कामाबद्दल विचारा. मुलाखत घेतो आहोत असं वाटू देऊ नका. मी ताईंना विचारलं होतं की हळद शिजली हे कळतं कसं. त्या म्हणाल्या, "फेस येते, वाफेचा वास बदलते, मंग काडी खुपसून पाह्याची. काडी रुतली का झाली. जास्त शिजली त रंग जाते, कमी शिजली त वाऱ्यावर वायतच नाई." पाऊण मिनिटाचं बोलणं, पण ऐकणारा त्या कढईजवळ उभा राहतो. मग त्या भेसळीवर बोलल्या. बाजारातल्या सुट्या पावडरीत रंग उठावा म्हणून मेटॅनिल यलो नाहीतर लेड क्रोमेट मिसळतात, आणि घरी ग्लासभर पाण्यात चमचाभर पावडर टाकून अंदाज घेता येतो: साधी हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, भेसळीची असेल तर पाणी गडद पिवळं होतं.

या गप्पांतून तीन विषय काढा आणि प्रत्येकाला एका ओळीचं नाव द्या. "हळद शिजवण्याची विद्या", "तुमच्या डब्यातली हळद खरी आहे का?", "बायकांनी कंपनी काढली तेव्हा बँकेत काय झालं". पहिला विषय शेतीच्या कार्यक्रमाला जातो, दुसरा आरोग्याच्या, तिसरा उद्योजकांच्या मुलाखतींना. म्हणजे विषय ठरले की कुठे शोधायचं तेही निम्मं ठरतं.

शोध: शब्द, माणूस, शेजारी

स्पॉटिफाय, ॲपल पॉडकास्ट, यूट्यूब आणि जिओसावन, या चार ठिकाणी बहुतेक मराठी कार्यक्रम सापडतात. जुन्या मार्गदर्शक लेखांत गुगल पॉडकास्टचं नाव दिसेल. ते २०२४ मध्ये बंद झालं, तिथे वेळ घालवू नका. पॉडकास्टसाठीच बनवलेलं लिसन नोट्स नावाचं शोधयंत्र आहे. त्यात भाषा निवडून एपिसोडच्या नावात आणि वर्णनात शब्द शोधता येतो. मराठीसाठी मात्र यूट्यूब सगळ्यात कामाचं, कारण आपल्याकडे बरेच जण कॅमेरा लावूनच पॉडकास्ट करतात.

शब्दाने शोधताना देवनागरीतही लिहा आणि रोमन अक्षरांतही. "शेती", "शेतकरी मुलाखत", "महिला उद्योजक", "हळद", "सेंद्रिय" हे शब्द दोन्ही लिप्यांत टाकून पाहा. रोमनमध्ये प्रत्येक जण वेगळं स्पेलिंग करतो, म्हणून दोन-तीन तऱ्हा करा. शब्दापुढे "गप्पा", "पॉडकास्ट", "मुलाखत" असं जोडलं की बातम्या आणि जाहिराती मागे पडतात.

पण मला सगळ्यात जास्त फळ दिलं ते माणसाच्या नावाने शोधण्याने. आपल्या विषयातलं एखादं नावाजलेलं माणूस घ्या आणि ते कुठे-कुठे बोललं ते शोधा. बियाण्यांचं काम असेल तर राहीबाई पोपेरे, नैसर्गिक शेती असेल तर आपल्या अमरावती जिल्ह्यातले सुभाष पाळेकर, आदिवासी भागातलं आरोग्य असेल तर गडचिरोलीचे अभय आणि राणी बंग किंवा मेळघाटातले रवींद्र आणि स्मिता कोल्हे, वनहक्क असेल तर मेंढा-लेखाचे देवाजी तोफा. ज्या होस्टने यांच्यापैकी कुणाला बोलावून तासभर मन लावून ऐकलं, त्याला गावात रस आहे हे वेगळं तपासावं लागत नाही. फक्त पद्म पुरस्कार मिळालेल्यांनाच बोलावणारा होस्ट असेल तर तेही यादी पाहून लगेच कळतं. तिथे तुमच्या अध्यक्ष ताईंचा नंबर लागणं अवघड आहे.

तिसरी वाट शेजाऱ्याची. एक बरा कार्यक्रम सापडला की त्याच्या पानावर ॲप त्याच्यासारखे दुसरे कार्यक्रम सुचवतं. तिथून दोन-तीन नावं मिळतात. त्यांच्या पानांवरून आणखी. अर्ध्या तासात वहीत पंचवीस-तीस नावं होतात.

अमुक तमुक, व्हायफळ, मित्रम्हणे, थिंक बँक ही नावं तुम्हाला आधीच माहीत असतील. ती जरूर ऐका, चांगली मुलाखत कशी वाहते ते कानाला कळेल. पण पहिलं पत्र तिथे लिहू नका. आधी नागपूर, अमरावती, वर्धा, अकोल्याचे लहान चॅनेल पाहा. तिथला होस्ट वऱ्हाडी ऐकून दचकत नाही, आणि कधी गावातही येतो.

दोन ठिकाणं लोकांच्या नजरेतून सुटतात. एक म्हणजे हिंदी कार्यक्रम. १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. आपल्याकडच्या बाजारात हिंदी इतकी सहज चालते की बऱ्याच पाहुण्यांना पुण्याच्या मराठीपेक्षा हिंदी मोकळी वाटते. तुमचं गिऱ्हाईक इंदूर-रायपूरकडे असेल तर हिंदीतच शोधा. दुसरं ठिकाण विद्यापीठांचं. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात जनसंचार विभाग आहे, नागपूर विद्यापीठातही तसा विभाग आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी माणसं हवी असतात. ऐकणारे थोडे असतील, पण ताईंची पहिली धाकधूक तिथेच निघून जाते. आकाशवाणीवरचे शेतकऱ्यांचे कार्यक्रमही याच कामाचे.

चाळणी

इथे वेळ द्या. तीस नावांतून सहा उरली पाहिजेत.

पहिली नजर शेवटच्या एपिसोडच्या तारखेवर. तीन महिन्यांत नवीन काही नसेल तर नाव खोडा. पॉडकास्ट हौसेने सुरू होतात आणि न सांगता थांबतात. मग पाहा की पाहुणे बोलावतात का, की होस्ट एकटाच बोलतो. हे दोन मिनिटांत होतं आणि दहाएक नावं जातात.

आता आकडे. सबस्क्रायबर पाहू नका. शेवटचे दहा एपिसोड काढा, त्यातले नट-नट्या, पुढारी आणि वादाचे विषय बाजूला ठेवा आणि साध्या माणसांच्या एपिसोडला किती जणांनी पाहिलं ते लिहा. तुमच्या ताईंना मिळणार आहे तो आकडा हाच. दोन लाख सबस्क्रायबर असलेल्या चॅनेलवर साध्या शेतकऱ्याचा एपिसोड आठशे लोकांनी पाहिलेला असतो, आणि आठ हजारांच्या चॅनेलवर तोच दोन हजारांनी. दुसरा घ्या. मग कॉमेंट वाचा. "खूप छान", "नाइस व्हिडिओ" यांना किंमत देऊ नका. "बेणं कुठे मिळेल?", "नंबर द्या", "आमच्याकडे जमीन भारी आहे, चालेल का?" असे प्रश्न असतील तर तिथे तुमचा माणूस ऐकतो आहे.

यानंतर कान लावा. उरलेल्या प्रत्येक कार्यक्रमाचा एक एपिसोड, तुमच्यासारख्याच पाहुण्याचा, मधून वीस मिनिटं ऐका. सुरुवात नको, सुरुवात सगळेच घोटून करतात. मी ऑफिसच्या वायफायवर एपिसोड उतरवून घेते आणि हिंगणघाटला जाता-येता एसटीत ऐकते. ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष असतं.

पाहुणा थांबला तर होस्ट थांबतो का? गावातलं माणूस विचार करून बोलतं, मध्ये दोन-तीन सेकंद जातात. काही होस्टना ती शांतता सोसत नाही, ते वाक्य स्वतःच पुरं करतात. अशा ठिकाणी ताईंची कढई कधीच उकळणार नाही.

भाषेला हसतो का? पाहुण्याने "करून रायलो", "मले", "कायले" म्हटलं की होस्ट सावरून घेतो, की त्याची रील बनवून खाली हसरे चेहरे टाकतो? हे चॅनेलच्या शॉर्ट्समध्ये लगेच दिसतं. जो आपल्या माणसाच्या बोलीवर लाइक कमावतो, त्याच्याकडे मी कुणालाच पाठवत नाही, कितीही लोक पाहत असोत.

आणि तिसरी, आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची. विदर्भातला पाहुणा आला की होस्ट आत्महत्यांवर किती वेळ थांबतो? तो प्रश्न विचारू नये असं मी म्हणत नाही. आमच्या कंपनीतही असं दुःख पाहिलेल्या सभासद आहेत, आणि ज्यांना बोलायचं आहे त्या बोलतात. पण काही कार्यक्रमांत यवतमाळचा शेतकरी असो की अमरावतीची उद्योजिका, तेच तीन प्रश्न, मागे तेच करुण संगीत, आणि त्या माणसाने आयुष्यात काय उभं केलं ते शेवटच्या पाच मिनिटांत. जुन्या दोन एपिसोडमध्ये असं दिसलं तर तुमच्या एपिसोडमध्येही तसंच होणार. नाव खोडा.

पैशाचंही इथेच सांगते. काही चॅनेल उत्तर देतात, "येऊ शकता, पॅकेज एवढं-एवढं." ती मुलाखत राहत नाही, जाहिरात होते. जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पैसे घेऊन केलेल्या मजकुरावर तसं ठळक लिहावं लागतं. आमच्या संचालक मंडळाने ठरवलं आहे की पाहुणा म्हणून जाण्यासाठी पैसे द्यायचे नाहीत. जाहिरात करायची असेल तर ती जाहिरात म्हणून, वेगळ्या खर्चात. तुमच्याकडेही हे आधी ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवा, म्हणजे ऐन वेळी कुणी भुलत नाही.

वही

मोबाइलमधली शीट चालेल, पण आमच्याकडे फुलस्केप वहीच टिकली, कारण ती ऑफिसात सगळ्यांना दिसते. एका कार्यक्रमाला एक पान. त्यावर होस्टचं नाव, शहर, भाषा, किती दिवसांनी एपिसोड येतो, साध्या पाहुण्याला मिळणारे प्रेक्षक, मी ऐकलेला एपिसोड आणि त्यातलं मला आवडलेलं एक वाक्य, आपल्या तीन विषयांतला कोणता बसतो, पत्ता, पत्र कधी लिहिलं, उत्तर काय आलं. आवडलेलं वाक्य नक्की लिहा, पत्रात तेच कामाला येतं.

पत्ता शोधायला यूट्यूबवर चॅनेलच्या माहितीच्या भागात जा. संगणकावर लॉगिन केलं तर बऱ्याचदा तिथे ईमेल दिसतो. नाहीतर एपिसोडच्या वर्णनात खाली, किंवा इन्स्टाग्रामवर. होस्टचा खासगी नंबर कुणाकडून मिळवून रात्री फोन करू नका.

पत्र

एका वेळी तीन जणांनाच लिहा, आणि प्रत्येकाला वेगळं. एकच मजकूर सगळ्यांना पाठवला की तो वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतो. आमच्या वहीतलं, उत्तर आलेलं एक पत्र असं होतं:

"नमस्कार दादा, बचत गटाच्या ताईंनी दाल मिल सुरू केली तो तुमचा एपिसोड ऐकला. मशीन बंद पडलं तेव्हा त्यांनी काय केलं, हे तुम्ही शांतपणे पूर्ण सांगू दिलंत, ते फार आवडलं. मी वर्धा जिल्ह्यातल्या महिला शेतकऱ्यांच्या कंपनीत काम करते. आम्ही वायगावची हळद पिकवतो. आमच्या अध्यक्ष ताई तुमच्या श्रोत्यांना सांगू शकतील: घरातली हळद भेसळीची आहे का ते कसं ओळखायचं, आणि हळद शिजवताना रंग नेमका कुठे जातो. त्या वऱ्हाडीत बोलतात. सोबत दीड मिनिटाचा आवाज जोडला आहे, ऐकून ठरवा. त्या फेब्रुवारीत कामात असतात, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर कधीही चालेल."

बस, एवढंच. कंपनीचा इतिहास, पुरस्कार, फोटोंचा गठ्ठा काही नाही. आवाज मात्र जोडाच. घरी गप्पांत रेकॉर्ड केलेला तुकडा त्यासाठीच होता. ज्याला वऱ्हाडी नको असेल तो तो ऐकून नाही म्हणेल, आणि टोकाटोकीची वेळ येणार नाही. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर दोन ओळींची एक आठवण करा. त्यानंतरही शांतता असेल तर वहीत तारीख टाकून पुढच्या पानावर जा.

हंगाम पाहून मागणी करा

शहरातल्या मार्गदर्शक लेखात हे सापडत नाही. रेकॉर्डिंग झाल्यावर एपिसोड बाहेर यायला तीन-चार आठवडे सहज जातात, कधी दोन महिने. आमची नवी पावडर एप्रिल-मेमध्ये तयार होते, म्हणून आम्ही जानेवारीतच पत्रं लिहितो. जूनमध्ये पेरणीच्या दिवसांत आणि कापूस वेचणीच्या दिवसांत पाहुणा मिळत नाही, तेव्हा तारीख देऊच नका. दिलेली तारीख मोडली की होस्ट परत विचारत नाही.

ऑनलाइन रेकॉर्डिंग असेल तर टिनाच्या छपराखाली बसू नका, आवाज घुमतो. आम्ही कापसाने भरलेल्या खोलीत बसतो. कापसाची गंजी आवाज पिऊन टाकते, स्टुडिओसारखं वाटतं. वायरचा इअरफोन, पंखा बंद, आणि पाहुण्याचा आवाज दुसऱ्या फोनवर वेगळा रेकॉर्ड करून होस्टला पाठवायचा, म्हणजे नेट गेलं तरी एपिसोड वाचतो. होस्टला आधी दोन गोष्टी लिहून पाठवा: नाव आणि गाव कसं लिहायचं, आणि वर्णनात द्यायचा ऑफिसचा नंबर. ताईंचा स्वतःचा नंबर देऊ नका. एपिसोड आल्यावर अनोळखी फोन रात्रीही येतात.

एपिसोड आल्यावर

ऑफिसात फोन उचलणाऱ्याला सांगून ठेवा: नव्या माणसाला "कुठून कळलं?" हे विचारायचंच, आणि उत्तर त्या कार्यक्रमाच्या पानावर रेघ मारून लिहायचं. सहा महिन्यांनी त्या रेघा मोजल्या की पुढच्या वर्षी कुणाला लिहायचं ते कळतं. अमरावतीच्या ज्या लहान चॅनेलवर ताई मागच्या वर्षी बोलल्या, तिथे पाहणारे हजाराच्या आतच राहिले. त्या पानावर चौदा रेघा आहेत, त्यातले दोघं किराणा दुकानदार. लाखाच्या आकड्याचं पान अजून कोरं आहे.

होस्टला धन्यवाद लिहा आणि त्याच पत्रात विचारा की या विषयात रस असलेलं त्यांच्या ओळखीचं आणखी कुणी आहे का. आमचे पुढचे दोन कार्यक्रम असेच मिळाले.

लिंक गटाच्या व्हॉट्सॲपवर टाका, पण तेवढ्यावर थांबू नका. आमच्या अर्ध्या सभासदांकडे साधा फोन आहे. म्हणून आम्ही प्रभागसंघाच्या बैठकीत स्पीकर लावून तो एपिसोड ऐकवला. ताई मागे भिंतीशी बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. स्पीकरमधून "मंग काडी खुपसून पाह्याची" आलं, तशा पुढच्या रांगेतल्या एक आजी मागे वळून म्हणाल्या, "थे पुन्हा लाव वं पोरी, हयदीचं."